कमळूदादांचा कान

एरंडेलाचा वास आला की बहुतेकांना लहानपणी नाक दाबून घेतलेला जुलाब आठवतो. मला कमळूदादा आठवतात, आणि पाठोपाठ स्वतःची लाज वाटायला लागते. या माणसावर लिहायचं मी वर्षानुवर्षं टाळत आलो. लिहायला बसलो तर एक गोष्ट लिहावीच लागेल, ती सोडून बाकीचं लिहिणं म्हणजे निव्वळ लबाडी, हे मला पक्कं ठाऊक होतं. आता कमळूदादा नाहीत. म्हणून लिहायला धीर आला आहे, यावरूनच माझा धीर कितपत आहे ते कळेल.

ती गोष्ट तिच्या जागी येईल. आधी माणूस.

किन्हवलीच्या पुढे, मुरबाडच्या अंगाला, रस्त्यालगत एक भाताची गिरणी होती. कमळूदादा त्या गिरणीचं इंजिन चालवायचे. गुडघ्यापर्यंत खाकी चड्डी, वर मळका सदरा, डोक्यावर टोपी, आणि या सगळ्यावर कोंड्याची बारीक पूड. भुवया तर कायम पांढऱ्या. सणासुदीला आंघोळ करून आले की मी त्यांना चटकन ओळखायचो नाही. गिरणीचं ते जुनं डिझेल इंजिन दिवसभर असं धडधडायचं की शेजारी उभ्या माणसाशी बोलायचं तर तोंड कानाला लावावं लागे. अशा जागी उभी हयात काढलेल्या माणसाचा कान पंचक्रोशीत नावाजलेला होता, यावर माझा आधी विश्वासच बसला नव्हता.

मी तेव्हा वाशिंदच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होतो आणि रविवारी विमानं उडवायचो. म्हणजे रिमोटवर उडणारी, खेळण्यातली म्हणतात ती, पण तसं कुणी म्हटलं की आम्हाला राग यायचा. आमचा चौघांचा क्लब होता. शहापूरला बँकेत असलेले सबनीस आमचे सेक्रेटरी. त्यांनी हौसेने लेटरहेड छापून घेतली होती. विमानं दोन आणि लेटरहेड पाचशे, अशी आमची एकंदर संपत्ती. किन्हवलीजवळच्या एका वरकस माळावर आम्ही जमायचो. तिथे गवताखेरीज काही पिकत नव्हतं, त्यामुळे आमचं पडलेलं विमान कुणाच्या पिकात जायचं नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर माझ्या मेव्हण्याने मस्कतहून मला एक मोठं ग्लो इंजिन आणून दिलं. तोवर आम्ही मुठीत मावतील अशी इंजिनं वापरायचो. हे दोन्ही हातांनी धरावं असं धूड होतं. पेट्रोल नाही, डिझेल नाही. मिथेनॉलमध्ये एरंडेल मिसळून तयार केलेल्या इंधनावर ते चालतं. प्लगमध्ये केसासारखी तार असते. ती सुरुवातीला बॅटरीने लाल करायची, इंजिनाने पेट घेतला की बॅटरी काढायची, मग तार आपली आपण धगधगत राहते. इंधन किती जावं ते ठरवायला बाजूला एक सुई असते. ती फिरवली की टिक् टिक् असा बारीक आवाज येतो. आम्ही त्याला टिचकी म्हणायचो. सुई घट्ट केली की इंधन कमी, सैल केली की जास्त. एवढ्याशा सुईत इंजिनाचा सगळा स्वभाव असतो.

आमच्या या इंजिनाचा स्वभाव मात्र हाती लागत नव्हता. एक अख्खा रविवार ते सुरू होऊन बंद पडत होतं. मध्येच किंचाळायचं, मध्येच रडकुंडीला यायचं. मी सुई आत फिरवतोय, बाहेर फिरवतोय, सबनीस पुस्तकातून मोठ्याने वाचून दाखवताहेत. अशात कमळूदादा सायकलवरून चालले होते. ते थांबले. सायकल स्टँडला लावली. मग आमच्याकडे चक्क पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, कंटाळले बिचारे.

"भाऊ, त्या सुईला किती छळाल?" तसेच पाठमोरे ते म्हणाले. "सुई जाग्यावर हाय. ह्ये वारा पितंय कुठूनतरी."

"अहो, हवा तर प्रत्येक इंजिन घेतं," सबनीस म्हणाले.

"दरवाज्यातून घेतात. ह्ये खिडकीतून पितंय."

मग त्यांनी बाटलीतल्या एरंडेलात बोट बुडवलं, पंख्याला वळसा घालून मागच्या बाजूने हात नेला आणि कार्बोरेटरच्या बुडाशी ते तेल हळूहळू फिरवलं. एका जागी बोट गेलं आणि इंजिनाचा आवाज एकदम सरळ झाला. "हितं," ते म्हणाले. खोलून पाहिलं तर आतली रबरी रिंग चिरलेली. त्यांनी आपल्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची चकती कापून तिथे बसवली. इंजिन त्या दिवशी टाकी संपेपर्यंत चाललं.

पाठ करून ऐकण्याची त्यांची ही सवय पुढे आमच्या अंगवळणी पडली. कुठलंही इंजिन तपासायचं तर ते आधी त्याच्याकडे पाठ फिरवत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "डोळं मधी मधी बोलतात. मंग कानाला आयकू नाय येत." हे त्यांनी फार मोठं काही सांगितल्याच्या आविर्भावात सांगितलं नव्हतं. मी आमच्या कारखान्यात हे वाक्य स्वतःचं म्हणून दोन-तीनदा वापरलं. माझ्या लबाडीची सुरुवात तेव्हापासूनच झाली होती म्हणायची.

त्यांच्या कानाच्या कथा लोक रंगवून सांगत. एकदा मुरबाडहून येताना ते काळी-पिवळी जीपमध्ये मागे दाटीवाटीत बसले होते. सरळगाव यायच्या आधीच त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं, "डिझेलच्या नळीत वारा शिरलाय, पुढं नाय जायाची." ड्रायव्हर म्हणाला, "बाबा, तू बसलायस ना? मंग बस." दोन वळणांनंतर जीप आचके देत थांबली. कमळूदादा खाली उतरले, नळीचा नट सैल करून वारा काढला, परत जागेवर येऊन बसले. पुढे तो ड्रायव्हर त्यांना रस्त्यात कुठेही पाहिलं की हात न दाखवता थांबायचा. कुणाचा पाण्याचा पंप अडला, कुणाची लुना अडली, तर आधी कमळूदादांना निरोप जाई. "नुसतं येऊन आयका," असंच लोक म्हणत. पुढे गिरणीवर विजेची मोटर आली, तरी मालकाने त्यांना ठेवून घेतलं ते या कानाच्या जोरावर. गावोगावचे पंप बघायला तो त्यांना पाठवी. जमीन बेताची, शाळा नावाला. त्या माणसाला चारचौघांत मान होता तो कानामुळे, आणि हे त्यांनाही कळत होतं. कुणी कानाची तारीफ केली की ते टोपी सारखी करत.

ते आमच्या इंजिनात अगदी जीव अडकवून बसले. विमानाला ते 'इमान' म्हणायचे. दर रविवारी आमच्या आधी माळावर हजर. गावातले दोघे-तिघे गडी दारू समजून त्या मिथेनॉलच्या कॅनभोवती घुटमळायला लागले. ते पोटात जाणं म्हणजे जिवाशी खेळ. मी विष आहे म्हणून घसा फोडून सांगत होतो, ते हसत होते. कमळूदादांनी शांतपणे सांगितलं, "पी रे, पी. आर्ध एरंडेल हाय त्याच्यात. दोन दिस बांधावरच बसशील." गडी परत फिरकले नाहीत. विषाला न भिणारी माणसं जुलाबाला भितात, हे मला तोवर माहीत नव्हतं.

मोठं इंजिन कसं चालवायचं ते मला त्यांनी शिकवलं. मी आपला जमिनीवरच ते जास्तीत जास्त वेगाला आणून खूश व्हायचो. ते मान हलवायचे. "जमिनीवर येवढं गोड बोललं तं वर जाऊन रडंल. जमिनीवर जरा खोकू दे त्याला." खरंच होतं ते. वर गेल्यावर पंख्यावरचा भार हलका होतो, इंजिन आणखी जोरात पळतं, त्याला जास्त इंधन लागतं. जमिनीवर अगदी काठावर लावलेलं इंजिन वर जाऊन कोरडं पडतं आणि तापून मरतं. म्हणून सगळ्यात चांगला आवाज आला की तिथून सुई दोन टिचक्या सैल करायची, हा त्यांचा नेम.

आणि इथेच तो शब्द येतो. पातळ.

पुस्तकात इंधन कमी असलेल्या मिश्रणाला लीन म्हणतात. सबनिसांनी शाळांमध्ये दाखवायला एक मराठी तक्ता केला होता. त्यात त्यांनी लीनला 'पातळ' आणि रिचला 'घट्ट' असं लिहिलं होतं. आम्हा शिकलेल्या माणसांना ते बरोबरच वाटलं. पण कमळूदादांच्या तोंडी पातळ म्हणजे आमटीचं पातळ. रस जास्त. पहिल्यांदा ते मला "जरा पातळ करा" म्हणाले, तेव्हा मी सुई घट्ट करायला लागलो. त्यांनी धावत येऊन माझं मनगट धरलं. "पातळ, भाऊ, पातळ! रस वाढवा! सुकवताय कशाला त्याला?"

त्याच दुपारी त्यांच्या घरी जेवायला बसलो होतो. वालाची आमटी होती. त्यांनी भातावर घेतली आणि बायकोला म्हणाले, "गो, जरा पातळ कर, घशाखाली नाय उतरत." वहिनींनी गरम पाणी ओतलं. दादांनी माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि मला ठसका लागेपर्यंत हसू आलं. सबनिसांच्या तक्त्याची गंमत मी त्यांना सांगितली. ते म्हणाले, "सायबांच्या घरी आमटी उलटी शिजत आसंल." मग कित्येक महिने आमच्यात तो विनोद चालला. म्हणजे पुढे जे झालं त्याला 'गैरसमज झाला' असं म्हणायची सोय मला राहिलेली नाही. शब्दाचा अर्थ मी त्यांच्या ताटावर बसून शिकलो होतो.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. मुरबाड तालुक्यातल्या एका शाळेच्या कार्यक्रमात आम्हाला विमान दाखवायला बोलावलं. पाहुणे म्हणून कुणी मोठे अधिकारी येणार होते. जानेवारीचा महिना, शाळेमागची खाचरं कापून मोकळी झालेली. पहाटेच्या गारव्यात आम्ही इंजिन लावून ठेवलं. कमळूदादांनीच लावलं. मग दहा वाजले, ऊन तापलं, मांडव भरला. मी पांढरी टोपी आणि काळा चष्मा घालून आलो होतो. माइकवरून मी आधी पोरांना इंजिनाची माहिती दिली, सबनिसांच्या तक्त्यावर छडी ठेवून. "पातळ मिश्रण म्हणजे इंधन कमी," असं मी सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतलं.

इंजिन सुरू करायच्या वेळी कमळूदादा नेहमीसारखे सुईजवळ यायला लागले. मी त्यांना म्हणालो, "दादा, तुम्ही दोरीच्या पलीकडे थांबा. मी करतो. तुम्ही फक्त तिथून सांगा." सुरक्षिततेचं कारण सांगितलं. खरं कारण त्यांची खाकी चड्डी होती. पाहुण्यांच्या पहिल्या रांगेसमोर, माझ्या शेजारी, ती चड्डी मला नको होती.

ते पलीकडे जाऊन उभे राहिले, आणि इंजिन सुरू झाल्यावर पाठमोरे झाले. उन्हात इंजिन जास्त तापत होतं, पहाटेचं मोजमाप त्याला पुरेनासं होऊन ते काठावर आलं होतं. ते त्यांना कळलं. तिथून ओरडले, "भाऊ, पातळ करा! दोन टिचक्या!"

मी सुई दोन टिचक्या घट्ट केली.

पहिल्या क्षणी ती चूक होती. नुकताच तक्ता वाचून उतरलो होतो, डोक्यात तेच होतं. पण इंजिनाचा आवाज आणखी धारदार झाला, आणि मांडवातून टाळ्या पडल्या. आत कुठेतरी माझ्या लक्षात आलं की हे उलटं झालं. कमळूदादा पुन्हा काही ओरडले, त्याच वेळी लाउडस्पीकरवरून कुणीतरी माझं नाव घेऊन 'आता आपले पायलट' असं सुरू केलं. आधी टाळ्या, मग हा गोंगाट, त्यात सुई उलटी फिरल्याचं त्यांच्या कानी जाणं शक्य नव्हतं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. आवाज छान लागत होता. मी आणखी एक टिचकी घट्ट केली आणि विमान सोडलं.

ते सुरेख उठलं. एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीत आवाज तडतडायला लागला, कढईत फोडणी करपावी तसा, आणि मग एकदम काहीच नाही. पंखा थांबलेला दिसला. अजूनही सरळ पुढच्या खाचरात उतरवता आलं असतं. पण मला ते पाहुण्यांसमोर उतरवायचं होतं. मी ते वळवलं, वेग गेला, एक पंख खाली पडला आणि विमान नाकावर मांडवापासून लांब खाचरात गेलं. कुणाला लागलं नाही. ही एक गोष्ट मी अजून देवाच्या नावावर लिहितो.

मी धावलो. बांधांवरून उड्या मारत सगळ्यांच्या आधी पोचलो. पंखांचा चुरा झाला होता, इंजिन मात्र शाबूत होतं, करपलेल्या एरंडेलाने तपकिरी झालेलं. सुईही शाबूत. मागे वळून पाहिलं तर लोक अजून दोन खाचरं दूर होते. कमळूदादा त्यांच्यात पुढे होते, टोपी हातात धरून पळत होते.

मी सुई पाच टिचक्या सैल केली. तीन मी घट्ट केलेल्या, आणि दोन त्यांनी सांगितलेल्या. बोट भाजत असताना, मोजून पाच.

कमळूदादा पोचले. धाप लागलेली. त्यांनी आधी प्लग काढून पाहिला. तार जळून तुटली होती. मग त्यांनी सुई घट्ट करत करत शेवटापर्यंत नेली, ओठ हलवत टिचक्या मोजल्या. आकडा पहाटेच्यापेक्षा दोनने जास्त, त्यांनी सांगितल्याप्रमाणेच होता. त्यांनी पुन्हा सैल केली, पुन्हा मोजल्या. मग ते खाली ढेकळांवर बसले.

सबनीस आले, पाठोपाठ शाळेतले चार लोक. "सुई कुणी लावली होती?" सबनिसांनी विचारलं.

"दादांनी सांगितलं, दोन टिचक्या पातळ करा," मी म्हणालो. "मी तेवढंच केलं."

"हां. मीच बोल्लो," कमळूदादा म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. माझ्यावर शंका घ्यावी हे त्यांच्या मनातच आलं नाही. ते स्वतःशीच हिशोब जुळवत होते. "येवढा रस दिऊन सुकं मेलं. म्हंजे लय सुकं व्हतं. मला तेवढं नाय आयकू आलं."

सबनीस काही दुष्ट माणूस नव्हते. समजूत घालावी तसे ते म्हणाले, "दादा, सगळा जन्म गिरणीच्या धडधडीत काढलात. कान तरी किती साथ देणार?"

कमळूदादांनी मान हलवली. ती त्यांची मान हलली तेव्हा मी बोललो असतो, तर सगळं तिथल्या तिथे मिटलं असतं. फार तर चार लोक मला हसले असते, सबनीस महिनाभर फुगले असते. मी पंखांचे तुकडे गोळा करायला लागलो.

पुढच्या रविवारी ते माळावर आले नाहीत. मला जायला हवं होतं. खरं सांगायचं तर ते आले नाहीत म्हणून मला हायसं वाटलं. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. काही महिन्यांनी शहापूरच्या बाजारात मला गिरणीचा मालक भेटला.

"कमळूनं पंप बघायचं सोडलं," तो म्हणाला. "कान गेला बोलतो. मला तं काय गेलेला वाटत नाय. मागनं हळू हाक मारली तरी ओ देतो. पन इंजिनाला हातच लावत नाय. बोलतो, लोकांचं नुस्कान नको."

"मग आता करतात काय?" मी विचारलं.

"पोती उचलतो माझ्याकडं. कुनी इचारलं तं कानाकडं बोट दाखवतो."

"बिचारे," मी म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडून बाहेर पडला. त्या बाजारात मी पाव किलो मिरच्या घेतल्या आणि घरी गेलो.

त्यानंतर संधी आल्या नाहीत असं नाही. एक पत्र लिहिलं होतं. ते गावात दुसरं कुणीतरी त्यांना वाचून दाखवणार हे ध्यानात आलं आणि फाडून टाकलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाला गेलो. त्यांनी मला व्याह्यांच्या शेजारी बसवलं आणि ओळख करून दिली, "ह्ये आमचं इमानवालं भाऊ. वाशिंदला मोठं सायब हायेत." मी पोटभर जेवलो. मनात म्हणालो, आज लग्नघर आहे, आज नको. मला बढती मिळाली, क्लब मोडला, विमानांना बॅटरीवरच्या मोटरी आल्या. मग मी स्वतःला समजावलं की ते आता विसरलेही असतील, कशाला जुनी खपली काढायची. स्वतःला समजावण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

शेवटचं भेटलो तेव्हा विमान पडल्याला सात-आठ वर्षं झाली असतील. गिरणी बंद पडली होती आणि कमळूदादा सरळगावच्या अलीकडे मुंबईच्या कुणाच्या तरी फार्महाउसवर राखण करत होते, असं कळलं. या वेळी मी सांगायचं ठरवून गेलो. कुणाला बरोबर घेतलं नाही. मोटरसायकलवरून जाताना वाक्यं जुळवत होतो. अगदी साधं वाक्य होतं: दादा, सुई मी उलटी फिरवली होती, तुमचा कान बरोबर होता. एवढंच.

मी फाटकाशी पोचलो तर ते आधीच येऊन उभे होते. चेहरा सुकलेला, भुवया आता कोंड्याशिवायच पांढऱ्या.

"तुमीच आसाल वाटलं," ते म्हणाले. "वळनावर तुमी गेर टाकला ना, तवाच बोल्लो मनात, भाऊ आलं."

वळण तिथून चांगलं लांब होतं. आपण काय बोलून गेलो हे त्यांना कळलंच नाही. त्यांनी मला बाज टाकून दिली, माठातलं पाणी आणलं, वहिनींच्या गुडघ्यांचं सांगितलं, माझ्या घरच्यांची एकेकाची चौकशी केली. माझं हळू आवाजातलं एकही वाक्य त्यांना पुन्हा विचारावं लागलं नाही.

तेवढ्यात शेजारच्या मळ्यातून एक माणूस आला. भेंडीला पाणी देताना पंपाचं इंजिन अडकत होतं.

"दादा, नुसतं येऊन आयका हो. हितं तं हाय."

कमळूदादांनी कानाकडे बोट नेलं. "कान गेलाय रे माझा. दुसरा कोन तरी बघ."

त्याने आग्रहही केला नाही. त्याला ते माहीतच असावं. सवयीने विचारून पाहिलं, इतकंच. तो गेला. मळ्यातलं ते इंजिन पुन्हा सुरू झालं, आचके देत बंद पडलं. कमळूदादा जमिनीकडे बघत होते, आणि त्या प्रत्येक आचक्याला त्यांच्या पायाचा अंगठा हलत होता.

आता, मी स्वतःला म्हणालो. तिथे कुणी नव्हतं. ते आणि मी.

"दादा," मी म्हणालो.

"थांबा भाऊ," ते म्हणाले. "मला येक बोलाचंय. लय वर्सं ऱ्हायलंय." ते बाजेवरून उठले आणि माझ्यासमोर उभे राहिले. "त्या दिशी येवढ्या लोकांत तुमाला खाली बघाय लागलं. माझ्यापायी तुमचं इमान गेलं. मी कवा माफी बी नाय मागली." आणि माझ्याहून वीस वर्षांनी मोठ्या त्या माणसाने माझ्यापुढे हात जोडले.

माझं वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. मी त्यांचे जोडलेले हात धरले.

"जाऊ द्या हो, दादा," मी म्हणालो. "होतं असं कधीकधी. मी तुम्हाला तेव्हाच माफ केलं."

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. मग ते माझ्या पुढे चालत गेले, आणि मी गाडी बाहेर काढेपर्यंत फाटक उघडून धरून उभे राहिले.